ड्रॉ शॉट कधी येतो कधी नाही, असं का होतं? पूल खेळणाऱ्यांनी जरा बघा

मेहरुणकर · १३ मे, रात्री ११:५२

जळगावला राहतो, एमआयडीसीत कामाला आहे, ड्युटी सुटली की मित्रांसोबत पूल, दोन वर्षं होतील आता. पॉटिंग बरं आहे माझं, सरळ बॉल सहसा सोडत नाही. पण ड्रॉ, म्हणजे समोरच्या बॉलला लागून पांढरा (स्टिकने मारतो तो बॉल) मागे यायला पाहिजे तो शॉट, काही केल्या हातात बसत नाहीये. एकदा मारला की अर्धं टेबल मागे येतो, पुढच्या वेळी अगदी तसाच मारला (मला तरी तसाच वाटतो) तर जागेवर गप्प उभा राहतो, आणि तिसऱ्या वेळी समोरच्या बॉलच्या पाठोपाठ थेट पॉकेटात.

परवाच्या रविवारी ग्रुपमध्येच मॅच होती, एट-बॉल (एकाचे साधे रंगीत बॉल, दुसऱ्याचे पट्टेवाले, आपले संपले की शेवटी आठ नंबर टाकायचा). माझे सगळे संपलेले, फक्त तीन नंबर मधल्या पॉकेटसमोर आणि आठ नंबर मागच्या कोपऱ्यात. तीन टाकून पांढरा दीड हात मागे आला असता तर आठ समोरच होता. तीन गेला, पण पांढरा तसाच पुढे घरंगळत गेला आणि त्यांच्या दोन पट्टेवाल्यांच्या मध्ये जाऊन अडकला. तिथून हरलो. घरी येऊन झोप लागली नाही खरं सांगतो, कारण तो शॉट नशिबाने नाही गेला, मला तो येत नाही म्हणून गेला.

खाली मारतो, जोरही लावतो, तरी असं का? जोर अजून पाहिजे का? स्टिक क्लबचीच वापरतो, स्वतःची घेऊ का? इथं कोच वगैरे कुणी माहितीत नाही म्हणून इथं विचारतोय.

रावेर_केळीवाला · १४ मे, सकाळी ७:२०

भाऊ जोर कमी पडतोय तुझा. ड्रॉला दणका लागतो. टिप, म्हणजे स्टिकचं टोक, बॉलला लागायच्या वेळी मनगट झटकायचं आणि स्टिक मागून जरा वर उचलायची म्हणजे टिप आपोआप बॉलच्या खाली जाते. मी असाच मारतो, येतो मागे. स्टिक बदलून काही होत नाही, पैसे घालू नको.

भुसावळ_आबा · १४ मे, दुपारी १:०५

केळीवाले भाऊ, रागावू नका, पण मागून उचलायचं शिकवू नका पोराला. स्टिक मागून उचलली की टिप खाली जाते हे बरोबर, पण मग फटका वरून खाली बसतो, पांढरा किंचित उडतो, आणि टिप केसभर जरी डावी-उजवी लागली तर त्याची वाट वाकडी होते. जवळच्या बॉलला चालून जातं म्हणून कळत नाही, दोन हातांवरचा बॉल घ्या मग कळेल.

मी रेल्वेतून रिटायर, चाळीस वर्षं टेबलाशी संबंध आहे, आधी बिलियर्ड्स मग स्नूकर. आम्ही याला स्क्रू म्हणतो, ड्रॉ हा पूलवाल्यांचा शब्द, शॉट तोच. (अवांतर आहे पण सांगतो, स्नूकर जन्मला तो आपल्या जबलपूरला, १८७५ साली, इंग्रज फौजेच्या मेसमध्ये. आणि जबलपूर म्हणजे आपल्या भुसावळहून इटारसीवरून सरळ लाइन. ड्युटीवर कितीदा गेलो त्या लाइनने, दर वेळी स्टेशनात गाडी शिरताना मनात यायचं की हे सगळं इथून सुरू झालं.)

मेहरुणकर बेटा, तू तीन गोष्टी कर. एक, टिप खाली न्यायची असेल तर पुढचा हात खाली कर, ब्रिज (स्टिक सरकवायला त्या हाताचा करतो तो आधार) चपटा कर, तळवा कापडाला टेकव. मागचा हात जिथं आहे तिथंच, स्टिक जेवढी आडवी ठेवता येईल तेवढी ठेव. कुशनमुळे, म्हणजे टेबलाच्या काठामुळे, थोडी उचलली जातेच, त्याहून जास्त नको. दोन, मागच्या हाताची पकड. पिकलेलं केळ धरतो ना तशी, दाबलं तर साल फुटेल अशी. मूठ आवळली की खांदा आवळतो आणि सगळं अंग फटक्याबरोबर वर येतं. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पांढरा मागे आणायच्या आधी जागेवर थांबवायला शिक. समोरचा बॉल वीतभरावर ठेव, सरळ पॉकेटात मार, पांढरा लागला तिथंच थांबला पाहिजे, बोटभर पुढे नाही की मागे नाही. मग एका हातावर. मग दोन हातांवर. दोन हातांवर दहाच्या दहा थांबायला लागले की मला सांग, स्क्रू त्याच्याच पुढचं पाऊल आहे.

मेहरुणकर · १४ मे, रात्री ११:३०

आबा खूप आभार. आज करून बघितलं. वीतभरावर थांबतो, हातभरावर निम्म्या वेळा थांबतो, दोन हातांवर एकदाही नाही थांबला, दर वेळी पुढे सरकतो. आणि मी खालीच मारतोय हो, अगदी शपथेवर सांगतो.

गिरणाई · १५ मे, सकाळी १०:१५

मेहरुणकर, तुम्ही खाली मारताय हे तुम्ही पाहिलंय का? म्हणजे मारायच्या आधी टिप कुठे ठेवलीत ते नाही म्हणत, लागली कुठे ते पाहिलंय का?

मी चाळीसगावची, पुण्यात शिकायला होते तेव्हा हॉस्टेलजवळ एक टेबल होतं, तिथं एका सीनियर मुलीने मला हे दाखवलं आणि माझे सहा महिने वाचले. नऊ नंबरचा बॉल घ्या, पिवळ्या पट्ट्याचा. ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या. आता तो पांढऱ्याच्या जागी ठेवा आणि पट्टा बरोबर आडवा करा, टेबलाला समांतर, पट्टा कमरेला बांधल्यासारखा दिसला पाहिजे. टिपला नीट चॉक लावा आणि त्याच बॉलने ड्रॉ मारा. मग तो बॉल उचलून लाइटखाली धरा. चॉकचा निळा ठिपका दिसेल, पिवळ्यावर अगदी स्पष्ट दिसतो. पट्ट्याच्या खालच्या कडेशी असेल तर तुम्ही खरंच खाली मारताय. ती कडच साधारण शेवटची हद्द आहे, त्याच्या खाली गेलात की टिप सटकते. पट्ट्याच्या मधोमध असेल तर तुम्ही मध्यावर मारताय आणि पांढऱ्याची काही चूक नाही.

एक फटका, एक ठिपका, पुसा, परत. दहा वेळा करा आणि इथं लिहा. अंदाजे नका लिहू, मोजून लिहा.

मेहरुणकर · १७ मे, रात्री १२:४०

गिरणाई ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

काल रात्री गर्दी ओसरल्यावर कोपऱ्यातलं टेबल घेतलं. नऊ नंबर पुसला, पट्टा आडवा केला, मारला, उचलला. ठिपका पट्ट्याच्या मधोमध. मला वाटलं बॉल ठेवतानाच फिरला असेल. परत. मधोमध. तिसऱ्याला मित्राला शेजारी उभा केला, तो म्हणाला टिप ठेवताना तर तू अगदी खाली ठेवतोयस, कापडाला लागेल एवढी. मारला, उचलला, ठिपका मध्याच्या जेमतेम तीन-चार मिमी खाली. दहा फटक्यांचा हिशेब असा: मध्यावर किंवा मध्याच्या जरा खाली ७, मध्याच्या वर २, आणि खालच्या कडेजवळ १. त्या एकाच वेळी बॉल मागे आला, चांगला हातभर आला.

म्हणजे दोन वर्षं मी दहात एकदाच खाली मारत होतो आणि उरलेल्या नऊ वेळा खाली मारतोय असं समजत होतो.

मग मित्राने मोबाइल कुशनवर टेकवून स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं. सरावाचे तीन-चार हेलकावे अगदी बरोबर, टिप खाली. शेवटच्या फटक्याला माझा कोपर टिप लागायच्या आधीच खाली पडतो आणि छाती वर उठते. मागचा हात खाली गेला की टिप पुढे वर चढते, पाळण्यासारखं. ते बघितल्यावर कारणही लक्षात आलं. आमच्या क्लबात भिंतीवर मोठा बोर्ड आहे, कापड फाटल्यास ५००० रुपये दंड. पहिल्या महिन्यात माझी टिप एकदा कापडाला घासली होती आणि मालक सगळ्यांसमोर ओरडले होते. तेव्हापासून टिप खाली गेली की अंगच मागे सरतं माझं, मला न विचारता.

भुसावळ_आबा · १७ मे, सकाळी ६:५०

बेटा, दुखणं सापडलं, आता निम्मं काम झालं. कापडाची भीती अशी घालव. पांढऱ्याशिवाय, रिकाम्या टेबलावर ब्रिज कर आणि स्टिक आडवी ठेवून टिप कापडावरून सरळ पुढे सरपटत जाऊ दे, वीतभर, हलक्या हाताने. पन्नास वेळा कर. आडवी गेलेली टिप कापडाला नुसती हात फिरवून जाते. फाटतं ते मागून उचलून तिरकं खुपसल्यावर. मालकाला आधी सांगून कर आणि त्यांना एकदा बघू दे, तेही समजून घेतील.

पांझराकाठ · १७ मे, रात्री ९:३०

धुळ्याला कॉलेजात फिजिक्स शिकवतो, खेळतो थोडंफार. मेहरुणकरचा पहिला प्रश्न होता की तसाच मारला तर कधी मागे, कधी जागेवर, कधी पुढे असं का. त्याचं उत्तर आकड्यात देता येतं आणि ते मला फार आवडतं म्हणून जरा लांब लिहितोय.

टिप खाली लागली की पांढरा कापडावर घसरत पुढे निघतो आणि त्याचवेळी उलटा फिरत असतो. कापडाचं घर्षण वाटेत त्याचा वेगही कमी करतं आणि उलटी फिरकीही खातं, पण फिरकी वेगाच्या अडीचपट भराभर संपते. फिरकी शिल्लक असताना समोरच्या बॉलला लागला तर मागे येतो. नेमकी शून्य झाली तेव्हा लागला तर थांबतो. शून्य होऊन सुलटी फिरायला लागल्यावर लागला तर पाठोपाठ जातो. म्हणजे तुझे तिन्ही निकाल एकाच शॉटचे आहेत, फक्त फिरकीच्या प्रवासातल्या वेगवेगळ्या टप्प्यांवर समोरचा बॉल भेटतोय.

आता आकडे. पूलचा बॉल ५७ मिमी व्यासाचा, त्रिज्या साडेअठ्ठावीस. टिप न सटकता मध्यापासून अर्ध्या त्रिज्येपर्यंत, म्हणजे साधारण १४ मिमी खाली मारता येतं. घर्षणांक ०.२ धरू. १४ मिमी खाली लागला आणि पांढरा सेकंदाला २ मीटर वेगाने निघाला तर फिरकी सुमारे ७५ सेमीवर संपते. तोच ७ मिमी खाली लागला, वेग तेवढाच, तर ४५ सेमीवरच संपते. आणि तू मारतोस तसा तीन मिमी खाली लागला तर वीतभरावर खेळ खलास. म्हणून वीतभरावर तुझा थांबत होता आणि दोन हातांवर पुढे जात होता, बरोबर ना?

वेगाचं म्हणाल तर वेग दुप्पट केला की हे अंतर चौपट होतं. म्हणजे केळीवाले भाऊंचं अगदीच चूक नाही, जोराने फिरकी लांबपर्यंत टिकते. पण मध्यावर बसलेल्या टिपला कितीही जोर दिला तरी उलटी फिरकी येणारच नाही, नसलेली गोष्ट टिकणार कशी.

अजून एक. टिप गोल असते, बॉलही गोल, त्यामुळे खाली मारताना टिपचं टोक लागत नाही, टिपची वरची बाजू लागते. स्टिकचा मध्य १४ मिमी खाली धरला तर ठिपका दहाच्या आसपासच उमटतो. डोळ्याला जेवढं खाली वाटतं त्याहून प्रत्यक्ष फटका नेहमी वरच असतो. हे सगळं गणित नवीन नाही, १८३५ साली कोरिओलिस नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने बिलियर्डच्या बॉलवर पूर्ण मांडून ठेवलंय, हवामानात ज्याच्या बलाचं नाव येतं तोच हा.

रावेर_केळीवाला · १८ मे, सकाळी ७:०५

सर, पटलं. मीही काल नऊ नंबर लावून बघितला. माझे ठिपके खाली आहेत, पण दहापैकी आठ उजवीकडे. लांबचा बॉल मला का लागत नाही ते आता कळलं, मी इतके दिवस टेबल उतरतं आहे म्हणत होतो. मागून उचलणं बंद करतोय. पण मनगटाचं सांगा, झटका दिला की टिप बॉलला जास्त वेळ चिकटून राहते असं मला सांगितलं होतं.

पांझराकाठ · १८ मे, रात्री १०:००

नाही राहत. चामड्याची टिप आणि बॉल यांची गाठ सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढीच असते, तुम्हाला झटका जाणवतो तोवर बॉल निघून गेलेला असतो. स्टिक पुढे जाऊ द्यायची ती चिकटून राहावी म्हणून नाही. पुढे जाऊ दिली नाही तर आपण लागायच्या आधीच हात आखडतो, वेग तिथंच मरतो, म्हणून जाऊ द्यायची.

टिपवाला · १९ मे, दुपारी ३:४०

टेबलांचं कापड बदलणं आणि टिप बसवणं हेच माझं काम आहे, जळगाव-भुसावळ-पाचोरा फिरतो. खेळाबद्दल वर सगळ्यांनी नीट सांगितलंय, मी सामानाबद्दल सांगतो कारण क्लबच्या स्टिकने शिकणाऱ्यांचं निम्मं नुकसान तिथं होतं.

स्टिक उचलली की आधी टिप बघा. सपाट झालेली, कडेने फुगून बाहेर आलेली, वर काचेसारखी चमकणारी टिप असेल तर खाली मारताना ती सटकणारच, चॉक धरतच नाही ती. टिपची गोलाई नव्या रुपयाच्या नाण्याच्या कडेसारखी पाहिजे, नाणं उभं लावून बघा, जुळतं का. बारीक पॉलिश पेपरने वरची चमक काढा. चॉक लावताना भोक पाडल्यासारखं गरगर फिरवू नका, पावडर लावतो तसं हलक्या हाताने सगळ्या टिपवरून फिरवा, कडेलासुद्धा, ड्रॉला कडच लागते. पूलच्या स्टिकची टिप १२-१३ मिमी, स्नूकरची ९-१०. काही क्लबात पूलच्या टेबलावर स्नूकरच्या स्टिका ठेवलेल्या असतात, त्या वाईट नाहीत, पण रोज एकच घ्या.

आता आपल्याकडची खास गोष्ट. मे महिना आहे, पारा ४५ ला टेकतोय, सगळ्या क्लबात पाण्याचे कूलर लागलेत. कूलरची हवा ओलसर. कूलर ज्या टेबलाच्या तोंडावर आहे त्या टेबलाचं कापड ओल धरतं आणि जड होतं, बॉलही चिकट होतात. त्यावर फिरकी लवकर संपते. मी स्वतः बघितलंय, एकाच हॉलमध्ये दोन टेबलं, कापड एकाच दिवशी घातलेलं, कूलरसमोरच्या टेबलावर तोच खेळाडू तोच शॉट एक हात कमी मागे आणतो. शिकताना कूलरपासून लांबचं टेबल मागून घ्या, घाम येऊ द्या.

आणि पांढऱ्याचं वजन. क्लबात पांढरा हरवतो, फुटतो, मग दुसऱ्या सेटमधला आणून ठेवतात. पांढरा जड असेल तर मागे यायला कुरकुर करतो.

मेहरुणकर · २१ मे, रात्री ११:१०

टिपवाला भाऊ, तुमचं वाचून राहवलं नाही. माझा शाळेतला मित्र सराफ बाजारात दुकानात कामाला आहे, क्लबच्या मालकांना विचारून पांढरा, नऊ नंबर आणि अजून तीन बॉल पिशवीत घालून त्याच्याकडे गेलो. सोन्याच्या काट्यावर ठेवले. रंगीत चारही बॉल १६२ ते १६४ ग्रॅमच्या मधले. पांढरा १७४. चक्क दहा ग्रॅमचा फरक, दुकानातले सगळे गोळा होऊन बघत होते.

सर, ह्यानेच होत असेल का सगळं?

पांझराकाठ · २१ मे, रात्री ११:४५

सगळं नाही. पूलच्या बॉलचं वजन १५६ ते १७० ग्रॅममध्ये पाहिजे, म्हणजे तुमचा पांढरा नियमाच्याच बाहेर आहे, तो बदलाच. पण हिशेब केला तर ह्या फरकाने समोरासमोरच्या टकरीनंतर पांढऱ्यात मूळ वेगाच्या तीन-साडेतीन टक्केच पुढची गती उरते. भरपूर फिरकी असेल तर हे जाणवणारही नाही. फिरकी कमी असेल तर मात्र मागे येणारा बॉल जागेवर थांबवायला तेवढं पुरतं. ठिपका खाली आणलास की ह्या दहा ग्रॅमचा तुला फार त्रास होणार नाही. आधी ठिपका.

अमळनेर_भो · २२ मे, सकाळी ८:३०

हाऊ धागा भारी शे भो. मन्हा ठिपका बी मझारमाच निंघना.

गिरणाई · २२ मे, दुपारी २:००

ब्रिजबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझा हात लहान आहे, उघड्या ब्रिजमध्ये ड्रॉ मारताना स्टिक वर उसळायची. तर्जनीचा वेढा स्टिकभोवती घातला, म्हणजे बंद ब्रिज, तेव्हापासून उसळायची थांबली. बोटावर टाल्कम पावडर थोडीशी, कापडावर सांडू न देता. उघडा ब्रिजही चालतो, स्नूकरवाले बहुतेक उघडाच करतात, पण ज्यांचा फटका वर चढतो त्यांनी महिनाभर बंद करून बघावा. आणि ब्रिज पांढऱ्याच्या जरा जवळ आणा, वीतभर अंतर बास, जास्त लांब ठेवलं की टिपची चूक वाढते.

अजून एक मनातलं. चाळीसगावला परत आल्यापासून मी वर्षभर खेळलेच नाही, कारण क्लबात गेलं की सगळी टेबलं थांबतात आणि लोक बघत उभे राहतात. आता भाऊ आणि मी सकाळी उघडल्या उघडल्या जातो, कोणी नसतं. मुलींनी वाचत असाल तर सकाळची वेळ धरा, आणि कुणाला सोबत हवी असेल तर मला लिहा, मी येईन.

मेहरुणकर · १६ जून, रात्री १०:२०

महिनाभराचा हिशेब देतो. छोटी वही केलीय. रोज पाऊण तास, आधी रिकाम्या टेबलावर टिप सरपटवणं (मालकांना दाखवलं, ते म्हणाले कर बिनधास्त, आणि पांढराही नवीन आणला), मग नऊ नंबरने दहा ठिपके, मग थांबवणं, मग मागे. वीत, हात, दोन हात, अशी अंतरं, प्रत्येकी वीस.

पहिला आठवडा ठिपके वरच. मग आबांनी सांगितलेली पकड एकदम बसली, कशी ते सांगता येत नाही, एका संध्याकाळी जाणवलं की बोटं नुसती स्टिकच्या खाली आहेत, स्टिक स्वतःच्या वजनाने पुढे जातेय. त्या दिवशी दहापैकी सहा ठिपके खालच्या कडेला. आता आठ-नऊ असतात. हातभर अंतरावर थांबणं वीसात एकोणीस. दोन हातांवर पंधरा. हातभरावरून मागे हातभर आणणं वीसात सोळा, आणि मी जोर निम्म्याने कमी केलाय! हे मला अजून खरं वाटत नाही. आधी दणका देऊन जेवढा येत नव्हता तेवढा आता नुसत्या ढकलल्यासारख्या फटक्याने येतो. आवाजसुद्धा वेगळा येतो, आधी टक् व्हायचं, आता जरा मऊ, भरीव.

मागे किती यायला पाहिजे त्यासाठी वहीचं पान टेबलावर ठेवतो, पांढरा त्याच्यावर येऊन थांबला तर बरोबर. एकदा मागे यायला लागला की सरळ शॉटला तो मागच्या पॉकेटात जाऊन फाउल होतो, तेही दोनदा झालं, म्हणून मोजून आणायची सवय लावतोय.

प्रश्न एक. बॉल सरळ नसेल, जरा कट (तिरका) असेल, तर पांढरा मागे कुठल्या दिशेला येणार हे कसं ओळखायचं?

पांझराकाठ · १७ जून, सकाळी ७:४०

फिरकी शून्य असेल तर पांढरा, समोरचा बॉल गेला त्या दिशेला काटकोनात निघतो. उलटी फिरकी असेल तर आधी त्याच काटकोनाच्या रेषेवर निघतो आणि मग मागे वळतो. जास्त जोरात मारला तर उशिरा वळतो. फिरकी भरपूर असेल आणि कट थोडाच असेल तर एक अडाखा कामी येतो: कटचा जेवढा कोन, त्याच्या तिप्पट कोनात पांढरा परत येतो, आणि कोन मोजायचा पांढरा आला त्या रेषेपासून. दहा अंशाचा कट असेल तर तीस अंशात परत. हाताची बोटं पसरून दाखवता येतं पण इथं लिहून अवघड आहे, करून बघ.

गिरणाई · १७ जून, दुपारी १२:१०

सोळा! किती छान वाटलं वाचून. सरांचं तिप्पट मी पण वापरते, मोठ्या कटला मात्र जुळत नाही, तिथं काटकोनच धरा.

मेहरुणकर · ९ जुलै, रात्री ११:०५

पाऊस सुरू झाल्यापासून कापड परत जड झालंय, टिपवाला भाऊ म्हणाले होते तसंच. आज तीन हातांवरून प्रयत्न केला. वीसात नऊ वेळा मागे आला, तेही वीतभरच. ठिपके सगळे खालच्या कडेला आहेत, पण जोर वाढवला की त्यातले पाच-सहा उजवीकडे जातात. हातभराच्या शॉटला जात नाहीत. शूटिंग केलं तर कोपर ठीक दिसतोय, अंगही उठत नाहीये. मला सापडत नाहीये काय चुकतंय ते.

भुसावळ_आबा · १० जुलै, सकाळी ६:३०

जोर वाढला की मागचा हात अंगाकडे ओढला जात असेल, उजवा पाय कुठं ठेवतोस ते बघावं लागेल. समोरून शूटिंग करून कळायचं नाही, मागून बघायला पाहिजे. शनिवारी ये भुसावळला, इथं एक चांगलं टेबल आहे, दुपारी रिकामं असतं. नऊ नंबर बरोबर आण, इथला सेट स्नूकरचा आहे. जेवायला घरीच, शेवभाजी करायला सांगतो.

मेहरुणकर · १० जुलै, सकाळी ९:१५

येतो आबा. केळीवाला भाऊ पण यायचं म्हणतायत, त्यांचेही ठिपके उजवीकडेच आहेत. दोघं सकाळच्या गाडीने येतो.